दारातलं मीठ

"रेवा, पाय मागे घे! मागे घे म्हणते ना!"

मी इतक्या जोरात ओरडले की गल्लीतून सायकलवर चाललेल्या एका आजोबांनी करकचून ब्रेक लावला. रेवाचा पाय हवेतच राहिला. तिच्या लाल बुटापुढे, त्या खानावळीच्या उंबऱ्याशी, एका छोट्या पांढऱ्या बशीत मिठाचा ढीग होता. नुसता ओतलेला ढीग नव्हे. देवळाच्या शिखरासारखा, वर टोक काढून, हातानं बेतून ठेवलेला. दाराच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

हृषीनं दारावरच्या अर्ध्या पडद्यातून आत घातलेलं डोकं बाहेर काढलं. "काय झालं? आत जागा आहे. भात आणि भाजलेला मासा. वास काय सुटलाय बघ."

"इथे नको."

"का?"

"सिगारेट ओढतायत आत."

"एक म्हातारा ओढतोय. तोही उठलाच आहे."

"धूर राहतोच ना. इथे नको म्हटलं ना, हृषी."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग रेवाकडे. तिला उचलून पुन्हा खांद्यावर बसवत तो म्हणाला, "ही चौथी."

"मोजतोयस?"

"मी नाही मोजत. माझं पोट मोजतंय."

दोन हजार सहा सालचा नोव्हेंबर, शनिवार, दुपारचा दीड. ओसाकातल्या तेन्मा स्टेशनाजवळच्या गल्ल्यांमधून आम्ही तिघं तासभर फिरत होतो. त्या भागात खानावळींना तोटा नव्हता. दर दहा पावलांवर एक. कुठे उभ्यानं नूडल्स ओढायच्या, कुठे काचेच्या कपाटात मेणासारखे दिसणारे नमुन्याचे पदार्थ मांडलेले, कुठे दारातल्या यंत्रात नाणी टाकून चिठ्ठी घ्यायची. सगळं स्वस्त, गरम, आणि त्या गल्लीतली माणसं रोज जिथे जेवतात असं. ज्याच्या शोधात लोक प्रवासाची पुस्तकं चाळतात, ते आमच्यापुढे वाढून ठेवलं होतं. आणि मी एकेक दार नाकारत चालले होते.

आम्हाला नुसतं दुपारचं जेवण उरकायचं नव्हतं. रेवा जेवत नव्हती.

सप्टेंबरात तिला विषमज्वर झाला होता. चार वर्षांची पोर, पंधराची साडेबारा किलो झाली. ताप गेला, पण भूक काही परत आली नाही. मऊ भात दोन घास, केळं अर्धं, दूध बघितलं की तोंड फिरवायची. हृषी तेव्हा आठ महिने जपानात होता. कंपनीनं यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी पाठवलेला, अजून दहा महिने जायचे होते. रेवा त्याला 'फोनातले बाबा' म्हणायला लागली होती. मग मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली आणि तिला घेऊन आले. विमानतळावर ती त्याच्याकडे गेली नाही, माझ्या ओढणीत शिरली. सहाव्या दिवशी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे कान लगामासारखे धरत होती.

पण खात नव्हती. आमच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी होती, पाणी उकळायची किटली तेवढी चालायची. मिरजेहून आणलेलं मेतकूट, भाजके पोहे, खाकरे, सगळ्याला तिनं नकार दिला. कोपऱ्यावरच्या दुकानात भाताचे तयार गोळे मिळत, त्यांना ती "काळा कागद नको" म्हणाली. तो समुद्री शेवाळाचा पापुद्रा सोलला तरी कागदाचा वास येतो म्हणून रडली. शुक्रवारी हृषी हळूच म्हणाला, "शलाका, सोमवारपर्यंत बघू. नाही खाल्लं तर एअरलाइनला फोन करतो. तिकडे डॉक्टर आहेत, आई आहे. इथे काही झालं तर मला भाषाही धड येत नाही."

म्हणजे आमच्या हातात दोन दिवस होते.

पाचव्या दारापाशी मी लांबूनच बघितलं. मीठ होतं. "पुसायचं फडकं बघ कसलं कळकट आहे," मी म्हणाले. सहाव्या दारात मीठ. "पंखा थेट टेबलावर आहे, तिला सर्दी होईल." सातव्या दारात मीठ नव्हतं, मी हुरूप येऊन पुढे झाले, तर पडद्याच्या मागे, आतल्या अंगाला, बशी.

"इथे काय?" हृषीनं विचारलं.

"इथे... गर्दी आहे."

"आत दोन माणसं आहेत!"

खरं कारण मी त्याला सांगू शकत नव्हते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी बाई. दरवर्षी साठ मुलांना टायफॉइडचा जंतू कसा वाढतो ते फळ्यावर काढून दाखवायचे. ती बाई नवऱ्याला कुठल्या तोंडानं सांगणार, की दारात कुणीतरी दृष्ट काढून ठेवलेलं मीठ आहे, ते ओलांडून मी माझ्या पोरीला आत नेणार नाही?

विषमज्वराच्या आधी, ऑगस्टच्या अगदी शेवटी, एक गोष्ट घडली होती. बालवाडीतून येताना, आमच्या घराजवळच्या तिकटीवर, रेवानं कुणाचा तरी उतारा ओलांडला होता. नारळ, हळदकुंकू लावलेलं लिंबू, थोडा भात. ओलांडला म्हणजे अगदी उडी मारून, लंगडी घातल्यासारखा. घरी आल्यावर तिनंच कौतुकानं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "शलाका, पोरीचे पाय धू. मीठमोहऱ्या ओवाळून टाक तिच्यावरून."

मी हसले. नुसती हसले नाही, चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. लिंबात काय असतं, नारळात काय असतं, भीतीत काय असतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिल्या.

दोन दिवसांनी रेवाला ताप भरला.

आता गणित सरळ होतं. हा जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला आठवडा तरी लागतो, कधी दोन. म्हणजे लिंबू ओलांडायच्या आधीच तो तिच्या पोटात होता. हे मला पाठ होतं, परीक्षेत विचारायचे मी. पण दवाखान्यातल्या खाटेशी एकवीस दिवस बसलं, की पाठ असलेलं गणित उलट्या बाजूनंही सुटायला लागतं. सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. त्या लिंबाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी भांडून तरी मोकळी झाले असते.

असं ते सगळं माझ्यासोबत विमानात बसून आलं होतं, आणि तेन्माच्या गल्लीत प्रत्येक दारात पांढऱ्या बशीत मांडून ठेवलेलं होतं.

आठवं दार गल्लीच्या टोकाला. लाकडी, अरुंद, आत फार तर सहा स्टुलं. हृषीनं रेवाला खांद्यावरून उतरवलं आणि हात कमरेवर ठेवले.

"आता इथलंही सांगून टाक. काय आहे इथे? विंचू?"

"चिडतोस कशाला?"

"चिडू नको तर काय करू? पोरगी उपाशी आहे, मी उपाशी आहे. स्वस्त खानावळी तुला कळकट वाटतात, महागडी हॉटेलं परवडत नाहीत. तुला हवंय तरी काय नेमकं?"

"मला ती सुखरूप हवीय!"

"आणि मला नकोय? मी काय तिला विष चारायला निघालोय?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला लागतंय! सात दारांतून नाक मुरडत आलीस. हे बघ, तुला परतच जायचं असेल ना, तर सरळ सांग. रेवाच्या जेवणाआड—"

तो थांबला. माझ्या मागे बघत राहिला. मी वळले.

रेवा दाराशी उकिडवी बसली होती. मिठाच्या शिखराचं टोक गायब होतं. तिचं बोट तोंडात होतं.

"आई," ती म्हणाली, "मीठ आहे. खारं खारं."

मी झडप घातली. तिचं तोंड उघडलं, ओढणीच्या टोकानं जीभ पुसायला लागले. "थुंक! रेवा, थुंक ते! थू कर!"

"नाही." तिनं गिळलं. आणि माझा हात बाजूला सारून म्हणाली, "अजून."

'अजून' हा शब्द मी सप्टेंबरपासून ऐकला नव्हता.

आवाजानं आतून एक बाई आली. सत्तरीला टेकलेली, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला, हाताला तांदळाची शितं. हृषी ताबडतोब कमरेत वाकला. "सुमिमासेन, सुमिमासेन," म्हणजे माफ करा, माफ करा, असं म्हणत तो तीन वेळा वाकला. तिनं मोडलेल्या टोकाकडे बघितलं. रेवाच्या पांढऱ्या ओठांकडे बघितलं. मी पोरीला छातीशी धरून उभी. आता ही काय म्हणणार, आपलं दारात उतरवलेलं आमच्या पोरीनं खाल्लं म्हणून ओरडणार, की घाबरून दारच लावून घेणार?

तिनं दोन्ही हातांची दोन बोटं डोक्याला शिंगांसारखी लावली आणि रेवाकडे वाकून म्हणाली, "मोऽऽ!"

आणि हसायला लागली. असं हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली.

रेवाही हसली. माझ्या हातातून सुटली, आणि दारावरच्या पडद्याखालून, मान जराही न वाकवता, सरळ आत गेली. माझ्याच्यानं सात दारं ओलांडवली नव्हती. आठवं तिनं एकटीनं ओलांडलं.

"आता?" हृषी म्हणाला.

"आता काय? चल," मी म्हणाले.

आत लाकडी फळीपलीकडे त्या मावशी आणि अलीकडे आम्ही. रेवानं मावशींच्या मागच्या मिठाच्या बरणीकडे बोट केलं. मावशींनी मान डोलावली, रेवाला काय हवंय ते त्यांना कळलं होतं. आधी नळावर कोपरापर्यंत हात धुतले. मी बघत होते. नखं कापलेली. बोटात अंगठी नाही. मग त्यांनी भाताच्या भांड्याचं झाकण काढलं, आणि वाफेचा एवढा मोठा लोट उठला की हृषीच्या चष्म्यावर धुकं आलं.

"विचार, कधी शिजवलाय," मी म्हणाले.

"शलाका, वाफ येतेय त्याच्यातून."

"तू विचार."

त्यानं विचारलं. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, मग दहा बोटं. दहा मिनिटं. मग काहीतरी लांबलचक, अभिमानानं बोलल्या.

"नवा तांदूळ आहे म्हणे. भावाच्या शेतातला. याच आठवड्यात आलाय."

ओल्या तळहातावर त्यांनी चिमूटभर मीठ पसरलं. वर कढत भात घेतला. दोन्ही तळव्यांत तीन-चार वेळा फिरवला, दाबला न दाबल्यासारखा. त्रिकोणी मूद तयार झाली. वर काळा कागद नाही, आत काही सारण नाही. भात आणि मीठ. ती त्यांनी बशीत ठेवून रेवापुढे सरकवली आणि पुन्हा शिंगं लावली.

रेवानं दोन्ही हातांनी उचलली. एक घास. चावताना तिनं डोळे मिटले. हृषीचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो किती जोरात दाबतोय ते त्याला कळत नव्हतं. दुसरा घास. तिसरा. शितं गालाला चिकटली, ती तिनं बोटानं काढून खाल्ली. रिकामी बशी पुढे सरकवून ती मावशींना स्वच्छ मराठीत म्हणाली, "अजून एक दे."

मावशी लगेच हात धुवायला गेल्या.

दुसरी मूद अर्धी झाली तेव्हा कुठे आम्हाला आमची भूक आठवली. आमच्यापुढे भात आला, मुळ्याचं लोणचं आलं, वाटीत वाफाळतं कढण आलं, भाजलेल्या बांगड्याचा तुकडा आला. मला चव आठवत नाही. मी रेवाकडे बघत जेवत होते.

"त्यांना विचार ना," मी शेवटी म्हणाले, "दारात मीठ कशाला ठेवतात."

हृषीची जपानी भाषा आणि मावशींचे हातवारे यांची बरीच झटापट झाली. मग तो सांगायला लागला. "फार पूर्वी म्हणे चीनमध्ये एक राजा होता. त्याला राण्या पुष्कळ, कुणाकडे जायचं ते ठरेना. म्हणून तो बैलगाडीत बसायचा आणि बैल जिथे थांबेल तिथे मुक्काम करायचा. एका हुशार बाईनं काय केलं, आपल्या दारात मीठ ठेवलं. बैलाला मीठ आवडतं. बैल थांबला चाटत. राजा उतरला. तेव्हापासून दुकानदार ठेवतात. जाणाऱ्यानं थांबावं म्हणून."

मावशी मध्येच काहीतरी म्हणाल्या आणि रेवाच्या केसांवरून हात फिरवला.

"म्हणतात, चाळीस वर्षं ठेवतेय. खरोखर चाटणारं वासरू आज पहिल्यांदा आलं."

मी कढणाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे ते... कुणावरून उतरवलेलं नसतं?"

"उतरवलेलं?"

"नाही, म्हणजे दृष्ट वगैरे. सहज विचारतेय."

त्यानं मावशींना विचारलं. "नाही म्हणतात. वाईट आत येऊ नये म्हणूनही ठेवतात, पण ते कुणाचं काढलेलं नसतं. शुद्ध असतं. रोज सकाळी उंबरा पुसून नवं ठेवायचं."

मग तो माझ्याकडे बघत राहिला. एकेक दार आठवत असावा.

"धूर," तो हळूच म्हणाला. "फडकं. पंखा."

"हो."

"गर्दी."

"हो, हृषी."

"बरं," तो म्हणाला, आणि बांगड्याचा काटा काढून तुकडा माझ्या बशीत ठेवला. मिरजेतल्या त्या लिंबाचं मी त्याला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. त्याच्या आईनं सांगितलं असेल का, ते मी विचारलं नाही.

निघताना मी मावशींना खुणेनं सांगितलं, मोडलेलं मीठ मी नीट करते. त्या हसल्या. आतून लाकडाचा एक लहानसा साचा आणला. किंचित ओलं केलेलं मीठ त्यात दाबायचं, बशीवर उपडं करायचं, वर टिचकी मारायची. पहिल्यांदा ढासळलं. दुसऱ्यांदा टोक उभं राहिलं. ती बशी मी माझ्या हातानं त्यांच्या उंबऱ्याशी ठेवली.

सोमवारी एअरलाइनला फोन गेला नाही. आम्ही दोघी तिथे पाच महिने राहिलो. खानावळ शोधायला मला नंतर कुणाला विचारावं लागलं नाही. ओसाकात, कोबेत, हिरोशिमात, कुठेही गल्लीत शिरले की मी आधी दाराशी खाली बघायचे. मीठ ओलं, पसरलेलं, कडेनं धूळ धरलेलं असेल तर पुढे चालायचं. टोक ताठ आणि पांढरंशुभ्र असेल तर तिथली बाई किंवा बुवा सकाळी लवकर उठलाय, उंबरा पुसलाय, भात ताजा आहे. पाच महिन्यांत एकदाही फसले नाही. नमुन्याच्या पदार्थांवर आणि पाट्यांवर विसंबणारे फसत असतील.

हृषी अजून पाहुण्यांना सांगतो, "आमच्या शलाकाचं नाक म्हणजे नाक! सात खानावळी नुसत्या वासावर नाकारल्या आणि आठवीत पोरगी जेवली." माझ्याकडे न बघता सांगतो. रेवा आता तेवीस वर्षांची आहे. शिंगं लावून दाखवण्याचं काम तिचं.

त्या रविवारी सकाळी मिरजेला फोन केला, ते मात्र आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

"खाल्लं का गं पोरीनं काही?" सासूबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"खाल्लं, आई. मीठभात. अडीच मुदी काल, आणि आज सकाळी पुन्हा त्याच मावशींकडे दोन."

पलीकडे पदर नाकाला लागल्याचा आवाज आला.

मग मी त्यांना दारातल्या मिठाचं सांगितलं. सात दारांचंही सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून असेल.

"एवढं घाबरायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "ताटात पहिलं काय वाढतात?"

"मीठ."

"मग? त्यांनी उंबऱ्यापासून वाढायला घेतलं, एवढंच."

मला हसू आलं.

"आणि शलाका."

"हं, आई."

"ते लिंबू. दोन दिवसांत तो ताप येत नसतो. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाच मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. म्हटलं, तुला माहीतच असणार, तू शिकवतेस." फोनच्या तारेतून खरखर आवाज येत होता. "आता ठेव फोन. पोरीला भूक लागली असेल."